कॉपर ॲसिटेटचा मोमेंट १.९ आला? मग घोळ आहे

दरवर्षीचा प्रश्न आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला गूई बॅलन्सवर (चुंबक नमुन्याला किती ओढतो ते वजनात दाखवणारा तराजू) कॉपर ॲसिटेट लावलं की एका बॅचला मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चुंबकत्वाचा जोर, १.३ बोर मॅग्नेटॉन (त्याचं एकक) येतो, दुसरीला १.४५, तिसरीला थेट २.०. गंमत म्हणजे २.० वाले खूश असतात. पुस्तकात कॉपर टू चा (दोन धनभार असलेल्या तांब्याचा) मोमेंट १.७३ ते २.२ असं छापलेलं असतं, आपला आकडा त्यात बसला, विषय संपला. आणि १.४ वाले पोट्टे तोंड पाडून येतात, "सर, हे इतकं कमी काऊन येऊन राह्यलं?"

कमी येत नाहीये, बरोबर येतंय. शुद्ध कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेटचा मोमेंट खोलीच्या तापमानाला दर तांब्यामागे १.४ च्या आसपासच यायला हवा. संशय घ्यायचा तो १.९ वर.

हे मीठ एकेकट्या तांब्याचं नाहीच. यात तांबे जोडीने बसलेले असतात. दोन तांब्यांना चार ॲसिटेट बाजूंनी धरून असतात, रहाटाच्या पात्यांसारखे, आणि दोन्ही टोकांना एकेक पाण्याचा रेणू. प्रत्येक तांब्याभोवती चार कार्बोक्झिलेट ऑक्सिजन सुमारे १.९७ अँगस्ट्रॉमवर, पाण्याचा ऑक्सिजन जरा लांब, २.१५ च्या आसपास. तांबं त्या चार ऑक्सिजनच्या पातळीतून थोडं पाण्याकडे सरकलेलं. तांब्यापासून तांबं २.६ अँगस्ट्रॉमच्या किंचित वर. धातूरूप तांब्यात हेच अंतर २.५६ असतं, यावरून जवळीक किती ते समजेल.

प्रत्येक तांब्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे, आणि तो ज्या ऑर्बिटलमध्ये आहे त्याचे पंख नेमके त्या चार ऑक्सिजनकडे वळलेले असतात. त्यामुळे ऑक्सिजन-कार्बन-ऑक्सिजन या पुलावरून दोघांना एकमेकांची खबर लागते आणि स्पिन उलटसुलट जुळतात. जोडीची सगळ्यात खालची अवस्था सिंगलेट, तिला चुंबकत्व नाही. तिच्यावर सुमारे २९० प्रति सेंटिमीटर (हे इथे ऊर्जेचं माप) उंचीला ट्रिपलेट, तिला चुंबकत्व आहे. ३०० केल्विनला उष्णतेची ऊर्जा त्याच मापात २०८ भरते. हिशेब मांडला तर शंभर जोड्यांतल्या साधारण ४३ ट्रिपलेटमध्ये सापडतात. जोड्या एकमेकांत गुंतलेल्या नसत्या तर हाच आकडा ७५ असता. तो फरक म्हणजेच तुमचा १.९ चा १.४ होणं.

ही गोष्ट उलगडली तो क्रम मला फार आवडतो. थंड करत गेलं की कॉपर ॲसिटेटची ससेप्टिबिलिटी (चुंबकाला किती दाद देतो त्याचं माप, यावरूनच मोमेंट काढतात) वाढायच्या ऐवजी घटते, हे गुहा यांनी १९५१ मध्ये छापलं. १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लीनी आणि बॉवर्स यांनी ईपीआरच्या (एकट्या इलेक्ट्रॉनच्या वर्णपटाच्या) रेषा पाहून सांगितलं, की इथे तांबे जोडीत असलेच पाहिजेत. तेव्हा स्फटिकाची रचना कुणी पाहिलेली नव्हती. ती व्हॅन नीकर्क आणि शॉनिंग यांनी १९५३ मध्ये क्ष-किरणांनी सोडवली आणि जोड्या खरोखर निघाल्या. पुढे १९७३ मध्ये ब्राऊन यांच्यासोबत आपल्या आर. चिदंबरम यांनी न्यूट्रॉन वापरून हीच रचना पुन्हा तपासली. हेच चिदंबरम पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हे सांगितलं तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, निदान मान वर करून बघतो.

आता मुद्द्यावर येऊ. आकडा किती आला यावरून घोळ कुठे आहे ते बरंचसं सांगता येतं. खालचे सगळे आकडे सीजीएसमध्ये आहेत, आणि ससेप्टिबिलिटीला १० चा उणे ६ वा घात गृहीत धरा, म्हणजे दर ओळीत लिहायला नको.

३०० केल्विनला दर तांब्यामागे दुरुस्त केलेली मोलर ससेप्टिबिलिटी सुमारे ८९० यायला हवी. यातली ६० तापमानाशी संबंध नसलेली पॅरामॅग्नेटिझम असते. ती वजा करून मोमेंट काढला तर १.४१, न करता काढला तर १.४६. दोन्ही उत्तरं मान्य, फक्त जर्नलमध्ये कुठलं काढलं ते लिहा. बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग शेजारच्या टेबलाशी भांडत बसतात.

२.० किंवा २.०७ आला तर आधी वही उघडा, बाटली नंतर. नव्वद टक्के वेळा रेणूभार ३९९.३ घेतलेला असतो, म्हणजे अख्ख्या जोडीचा, आणि पुढे दोनने भागायचं राहून जातं. डायमर (जोडीचा रेणू) म्हणून शिकलेला हुशार विद्यार्थीच यात सापडतो. दर तांब्याचा मोमेंट हवा असेल तर १९९.६५ घ्या. जोडीचा घेतलात तर उत्तर वर्गमूळ दोनपट येईल, आणि ते नेमकं एकट्या तांब्याच्या रेंजमध्ये जाऊन बसतं. म्हणून ही चूक पकडली जात नाही.

१.३१ आला तर डायमॅग्नेटिक दुरुस्तीची (सगळ्याच अणूंत असणाऱ्या क्षीण, उलट्या चुंबकत्वाच्या भरपाईची) खूण उलटी लागली आहे. पास्कलचे आकडे घ्या: तांब्याचा आयन उणे ११, ॲसिटेट उणे ३१.५ असे दोन, पाणी उणे १३. बेरीज उणे ८७. मोजलेल्या आकड्यातून ही उणे रक्कम वजा करायची, म्हणजे प्रत्यक्षात ८७ मिळवायचे. इतर क्षारांत ही दुरुस्ती विसरली तरी फारसं बिघडत नाही, इथे मूळ आकडाच लहान असल्यामुळे ती दहा टक्क्यांच्या घरात जाते. दुरुस्ती साफ विसरली तर १.३९ येतो. आणि १.३९ बरोबर वाटतो, हीच पंचाईत.

नमुना ओव्हनमध्ये ११० अंशाला रात्रभर ठेवला असेल तर पाणी गेलं. जोड्या टिकतात, मोमेंट कमीच राहतो, पण आता रेणूभार १८१.६३ घ्यायला हवा. शंका असेल तर आयोडोमेट्री (आयोडीन मोजून तांबं काढायची पद्धत) करा, थायोसल्फेट आणि स्टार्च प्रत्येक लॅबमध्ये असतंच. मोनोहायड्रेटमध्ये तांबं ३१.८ टक्के, निर्जल क्षारात ३५.०, मोरचुदात (कॉपर सल्फेट) २५.५. अर्ध्या तासाचं काम आहे आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

यानंतर येतो तो १.५ ते १.७ चा पट्टा, आणि इथे मात्र दोष नमुन्यातच असतो.

आपल्याकडे कॉपर ॲसिटेट बरेचदा लॅबमध्येच करतात: मोरचुदाच्या द्रावणात धुण्याचा सोडा टाकून हिरवट-निळा बेसिक कार्बोनेट पाडायचा, धुवायचा, कोमट पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, गाळायचा आणि आटवून स्फटिक काढायचे. यात मोरचूद कुठून आणलं ते पाहा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, त्यासाठी कृषी केंद्रात मोरचूद किलोवर मिळतं. स्वस्त आहे, रंगही सुरेख, आणि त्यात लोह असू शकतं. ग्रेड शेतीचा आहे, त्याचं काम बुरशी मारणं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण फेरिक लोहाचा मोमेंट ५.९. शंभर तांब्यांमागे एक लोह शिरलं तरी तुमचा १.४६ हा १.५७ होतो, आणि पाच शिरली तर १.९ च्या पुढे.

हे पकडायची पद्धत सोपी आहे. चिमूटभर नमुना पाण्यात विरघळवा, त्यात अमोनिया टाकत राहा. आधी फिकट निळा गाळ पडेल, मग तो विरघळून गर्द निळं द्रावण होईल. ते फिल्टर पेपरमधून गाळा आणि पेपर पातळ अमोनियाने पांढरा होईस्तोवर धुवा. तळाशी टोकाला विटकरी-तपकिरी डाग उरला तर ते लोह. डाग हलका असला तरी बाटली बाद. थायोसायनेटची परीक्षा इथे करू नका, तांब्यासोबत काळा गाळ पडतो आणि लाल रंग दिसायचा राहून जातो.

लोहाचा दुसरा प्रकार म्हणजे कण. गंजका स्पॅट्युला, खलाच्या तळाची घाण, खिडकीतून येणारी धूळ. आपली काळी माती बसाल्टची, त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे खनिजकण असतातच. चुंबक कागदात गुंडाळून अंगणातल्या मातीत फिरवून बघा, काळी मिशी चिकटते. असा कण नळीत गेला तर ओढ भलतीच वाढते. ओळखायचं असं: चुंबकाच्या दोन वेगवेगळ्या करंटला मोजा, दोन्हीकडे कॅलिब्रंटही (ज्याची ससेप्टिबिलिटी आधीच माहीत आहे तो नमुना) मोजा. शुद्ध नमुन्याची ससेप्टिबिलिटी दोन्ही ठिकाणी सारखी येते. कमी करंटला जास्त आणि जास्त करंटला कमी येत असेल तर लोहचुंबकी कण आहे. क्षारात विरघळलेलं लोह मात्र या परीक्षेत सापडत नाही, त्याला वरचा अमोनियाच.

सल्फेट राहून गेलं असेल तर? बेरियम क्लोराइडची परीक्षा धुण्याच्या पाण्यावर करावी, ते आहेच. पण एक लक्षात घ्या: अख्खी नळी मोरचुदाने भरून तिला ॲसिटेट समजून हिशेब केला, तरी उत्तर १.७ च्या आसपासच अडकतं. म्हणजे १.९ आला असेल तर "सर, थोडं सल्फेट राहिलं असेल" हे कारण चालत नाही. एकतर भागाकार चुकलाय, नाहीतर लोह आहे.

बोअरचं पाणी वापरू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेटसोबत पडतं, पुढे कॅल्शियम ॲसिटेट होऊन नमुन्यात भेसळ करतं आणि मोमेंट उगाच खाली जातो. डिस्टिलेशन प्लांट बंद असेल तर इन्व्हर्टरच्या दुकानातलं बॅटरीचं पाणी परवडलं. आणि आटवताना द्रावण खदखदा उकळू नका. ॲसिटिक ॲसिड उडून जातं, फिकट बेसिक ॲसिटेट पडतो. वॉटर बाथवर, थोडं ॲसिड जास्त ठेवून, सावकाश. चांगले स्फटिक गर्द निळसर-हिरवे असतात. फिकट निळी भुकटी दिसली तर ती मोजायच्या लायकीची नाही.

तापमानावर जरा थांबतो, कारण हा आपल्याकडचा खास घोळ आहे. परीक्षा एप्रिल-मेमध्ये, लॅबमध्ये ४५ अंश, आणि गणितात सगळे डोळे झाकून २९८ केल्विन टाकतात. ३१८ टाकायला हवं. दुसरीकडे कॅलिब्रंट म्हणून जो मर्क्युरी टेट्राथायोसायनॅटोकोबाल्टेट वापरतो, त्याची ग्रॅम ससेप्टिबिलिटी १६.४४ ही २० अंशाची आहे. दर अंशाला ती सुमारे ०.०५ ने घटते, म्हणजे ४५ अंशाला १५.२ धरायला हवी. १६.४४ तशीच वापरली तर मोमेंट चार टक्के चढतो, २९८ टाकल्याने तीन टक्के उतरतो. दोन्ही चुका एकत्र केल्या की उत्तर जवळपास बरोबर! म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एखादा शहाणा विद्यार्थी तापमान तेवढं दुरुस्त करतो आणि त्याचाच आकडा बिघडतो. करायच्या तर दोन्ही दुरुस्त्या करा.

शिवाय खुद्द मोमेंटही तापमानाने बदलतो. डिसेंबरच्या १२ अंशाला १.३८, मेच्या ४५ अंशाला १.४४. हा दोष नाही, ट्रिपलेटमध्ये जास्त जोड्या चढतात त्याचा परिणाम आहे. आणि ससेप्टिबिलिटी? ती या दोन्ही दिवसांत जेमतेम दोन टक्के हलते, कारण तिचं शिखर २५५ केल्विनच्या आसपास आहे आणि आपण त्या शिखराच्या सपाट उतारावर असतो. मोरचुदाची तेवढ्याच फरकात दहा टक्के घटते. हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या नोंदी शेजारी ठेवल्या तर दुसरं कुठलंही उपकरण न आणता कपलिंग (जोडीतल्या स्पिनची ही जुळणी) दिसतं. माझ्या मते सगळ्या प्रॅक्टिकलमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि ती कुणी करत नाही.

बाकी बॅलन्सची किरकोळ दुखणी. ग्रॅमला ओढ कॅलिब्रंटच्या पावपटच असते, त्यामुळे कूलरचा झोत लागला तरी आकडा नाचतो. वाचन घेताना कूलर बंद ठेवा, घाम पुसत बसा. कृषिपंपांची लाईन सुरू झाली की व्होल्टेज पडतं आणि चुंबकाचा करंट घसरतो. कॉइल तापल्यावरही घसरतो. स्टॅबिलायझर असला तरी दर वाचनाला ॲमीटर बघा. स्फटिक तसेच नळीत भरू नका, बारीक वाटून, थोडं थोडं टाकून, दर वेळी टेबलावर नळी हळू आपटून दाबा. नळी रिकामी करून पुन्हा भरल्यावर आकडा दोन टक्क्यांहून जास्त बदलला तर भरण्यात खोट आहे. रिकाम्या नळीचं वाचन वेगळं घ्यायचं, ते उणे येतं आणि ते वजा करताना पुन्हा खुणेचा घोळ होतो.

एक वेगळा सापळा. काही ठिकाणी ॲसिटेटऐवजी बेंझोएट देतात. मोरचूद आणि सोडियम बेंझोएट मिसळलं की फिकट निळा कॉपर बेंझोएट ट्रायहायड्रेट लगेच पडतो. त्याचा मोमेंट १.८ च्या वर येतो आणि तो बरोबरच असतो! या ट्रायहायड्रेटमध्ये रहाटाची जोडी नसते, तांब्यांची लांब साखळी असते आणि कपलिंग अगदी क्षीण. कार्बोक्झिलेट आहे म्हणजे डायमरच असणार, असं समजून नमुना फेकून देऊ नका. कुणाचा पूल कसा बांधलाय त्यावर सगळं अवलंबून आहे.

तसंच द्रावणाचं. ॲसिटेट पाण्यात विरघळवून मोजलं तर मोमेंट नेहमीसारखा, १.८-१.९ येतो. पाण्यात जोड्या तुटतात. ग्लेशियल (निर्जल) ॲसिटिक ॲसिडमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये त्या बऱ्याच अंशी टिकतात. यूव्ही-व्हिजिबल असेल तर ३७५ नॅनोमीटरच्या आसपास खांदा दिसतो का बघा. तो जोडीचा, पाण्यात तो मावळतो.

आता "तांब्या-तांब्यात बंध आहे का?" हा व्हायव्हाचा लाडका प्रश्न. १९५६ मध्ये फिगिस आणि मार्टिन यांनी थेट बंधाची कल्पना मांडली होती. पण या जातीचे बरेच कॉम्प्लेक्स मोजल्यावर दिसलं, की तांब्यांमधलं अंतर आणि कपलिंगचा जोर हातात हात घालून चालत नाहीत. पुलावरचा कार्बोक्झिलेट बदलला की कपलिंग बदलतं. फॉर्मेटच्या जोड्यांत ते ॲसिटेटपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून मुख्य वाट पुलावरून जाते, असंच उत्तर द्या.

सगळं तपासूनही शंका उरली तर एक शेवटची कसोटी आहे, आणि ती खेड्यात शहरापेक्षा सोपी. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर असतो. डॉक्टरसाहेबांना आधी विचारून, नायट्रोजन नव्याने भरून आला त्या दिवशी जा, नाहीतर त्यांच्या कांड्यांचं नुकसान. थर्मास न्या, पण झाकण घट्ट लावू नका, वाफ कोंडली की फुटतो. थंडपेयाच्या स्ट्रॉचे दोन सारखे तुकडे घ्या, एकात ॲसिटेट, एकात मोरचूद, सारख्या वजनाने भरून टोकं वितळवून बंद करा. लांब दोऱ्याला टांगून निओडिमियम चुंबक जवळ न्या. खोलीच्या तापमानाला दोन्ही जेमतेम सरकतात. मग नायट्रोजनमध्ये बुडवून काढा आणि लगेच चुंबक दाखवा. मोरचुदाची ओढ सुमारे चौपट होते, तुकडा झपकन येतो. शुद्ध ॲसिटेटची ओढ दहाव्या भागावर येते, म्हणजे तो जागचा हलत नाही, कारण ७७ केल्विनला जवळपास सगळ्या जोड्या सिंगलेटमध्ये उतरलेल्या असतात. तुमचा ॲसिटेट थंड झाल्यावरही ओढला जात असेल तर त्यात एकटं तांबं किंवा लोह आहे. फार वेळ उघड्यावर बुडवून ठेवू नका, हवेतला ऑक्सिजन द्रवरूप होऊन नायट्रोजनमध्ये उतरतो आणि तो स्वतःच चुंबकाकडे धावतो. डोळ्यांना चष्मा, हातात चिमटा.

कॅलिब्रंटमध्ये पारा आहे, तो वापरून झाल्यावर बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत परत भरा. तो वर्षानुवर्षं पुरतो.

आणि एक्स्टर्नल १.७३ वरच अडून बसले तर वाद घालू नका. जर्नलमध्ये तापमान, वापरलेला रेणूभार, ८७ ची दुरुस्ती, कॅलिब्रंटचा त्या दिवशीचा आकडा आणि तांब्याची टक्केवारी, एवढं एका पानावर मांडून पुढे करा.